बक्षिसी देण्यापूर्वी घ्यावयाची खबरदारी

टिप ही चांगल्या सेवेबद्दल द्यायची असते, हा भाबडा समज प्रथम मनातून काढून टाकावा. टिप पाहणाऱ्यांसाठी असते. म्हणून टेबलाशी आपण एकटेच असलो, तर बिलाची बेरीज तपासून मुकाट्याने उठावे. सोबत साहेब किंवा होऊ घातलेले व्याही असले, तर मात्र नोट अशी ठेवावी की तिचा कोपरा सर्वांना दिसेल.

किती द्यावे, हा प्रश्न मुळीच अवघड नाही. बिलाच्या ठरावीक टक्के द्यावेत, असे सांगणाऱ्यांच्या मते महागडा पदार्थ आणणाऱ्याला स्वस्त पदार्थ आणणाऱ्यापेक्षा अधिक श्रम पडतात, मग दोन्ही ताटांचे वजन तेवढेच का असेना. हे गणित बिनतक्रार मान्य करावे, कारण स्वस्त पदार्थ मागवणे आपल्याच हाती असते.

सेवेची पारख करण्याचा आपला अधिकार मात्र सोडू नये. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उरलेले पैसे परत देताना वेट्रेसने ग्राहकाच्या तळहाताला किंवा खांद्याला ओझरता स्पर्श केला, तेव्हा टिप वाढली. १९९६ सालच्या दुसऱ्या प्रयोगात बिलावर हसरा चेहरा काढल्याने वेट्रेसची टिप वाढली, पुरुष वेटरची वाढली नाही. आपली पारख किती सूक्ष्म आहे, हे यावरून ध्यानात यावे. स्वयंपाकघरात उशीर झाला, तर त्याची शिक्षा समोर उभ्या असलेल्या वेटरला करावी. आतला माणूस दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याला शिक्षा करण्यात समाधान नसते. भांडी घासणाराही दिसत नसल्यामुळे त्याला काही देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

काही मालक टिप मिळणारच, या हिशेबाने पगार कमी ठेवतात. एका अनोळखी कुटुंबाचा महिन्याचा खर्च त्यांनी आपल्या मनःस्थितीवर सोपवावा, हा आपल्यावरचा केवढा विश्वास! तेव्हा घरून भांडून निघालो असू, त्या दिवशी हात आखडता घेण्यास संकोच करू नये. (मी स्वतः अशा दिवशी वेटरच्या चालण्यातही उर्मटपणा शोधून काढला आहे.)

राहता राहिली सुट्ट्या पैशांची सबब. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून ती निकामी ठरली आहे; म्हणून जेवण अर्ध्यावर आले की बॅटरी संपत आल्याचे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून ठेवावे.