पार्किंग नंबर चौदा

गुरुवारी सकाळी पावणेसातला सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडला. करड्या पेव्हर ब्लॉकवर पोळीएवढा काळा डाग, माप कळावं म्हणून शेजारी ठेवलेलं पाच रुपयांचं नाणं आणि खाली मजकूर : 'हे कोणाचे?' वरच्या कोपऱ्यात माझ्या गाडीचं टायर आणि भिंतीवरचा १४ हा आकडा स्वच्छ दिसत होता. म्हणजे कोणाचं ते वॉचमनच्या नातवालाही ठाऊक होतं. तरी सतरा जणांनी खाली डोळे विस्फारलेले चेहरे टाकले. संध्याकाळी मेंटेनन्सचं बिल आलं, त्यात एक नवी ओळ : 'डाग निर्मूलन – रु. ५००'. डाग अजून तिथेच आहे. निर्मूलन माझंच अपेक्षित असावं.

गाडी १९९८ची. तीन सिलेंडर, ७९६ सीसी, कार्ब्युरेटर. नाव सांगत नाही. तुमच्या घरात नसली तरी मामाच्या घरात एक होतीच. वडिलांनी घेतली, मी चालवतो. पाव शतक उलटल्यावर रबर कडक होतं, पॅकिंग सुकतं, यात कारखान्याचा दोष नाही. माझे गुडघेही तेवढ्या काळात गळायला लागले, पण त्यांचा फोटो कोणी काढत नाही. या गाडीला मी काही फुकट सांभाळत नाही. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि २०२३मध्ये मी ते मुकाट भरलं. मग कमिटीचे ५०० कशाला बोचावेत? बोचतात खरे.

आधी गॅरेजला नेली. मेकॅनिकने जॅक लावला, टॉर्च मारला आणि डॉक्टर फिल्म उजेडात धरतात तसा चेहरा केला. "साहेब, मागचा सील गेलाय. गिअरबॉक्स उतरवायला लागणार. साडेसहा हजार, तीन दिवस." इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल ठिबकत होतं, म्हणजे क्रँकचा, इंजिनच्या फिरत्या दांड्याचा, मागचा सील, असं त्याचं सरळ गणित. याच माणसाने मागच्या वर्षी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग बदललं होतं आणि ठिबकू नये म्हणून बोल्ट इतके आवळले होते की पॅकिंग कडेने जीभ काढल्यासारखं बाहेर आलं. मग त्यावर सिलिकॉन थापलं. जास्तीचं सिलिकॉन आत सुटलं तर तेलाच्या जाळीत जाऊन अडकतं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही यूट्यूब जास्त बघता."

बघतो. म्हणूनच रविवारी स्वतः करायचं ठरवलं.

तेलाची गळती शोधायची रीत सोपी आहे, अंगमेहनत तेवढी आहे. आधी इंजिन लख्ख करायचं. मी जुना टूथब्रश आणि वाटीभर डिझेल घेऊन दीड तास घासलं. आतून एक पंचवीस वर्षांचं वाळकं पान निघालं. मग सगळं पुसून, सुकवून, संशयित जागांवर टाल्कम पावडर मारायची, इंजिन चालू करायचं आणि पावडर कुठे काळी पडते ते बघत बसायचं. पावडर बायकोच्या ड्रेसिंग टेबलवरची. इंजिन तापल्यावर बॉनेटखालून न्हाव्याच्या दुकानाचा वास यायला लागला.

गाडी स्टँडवर चढवून मी खाली सरकलो आणि दोन मिनिटांत डोक्याशी दोन पाय येऊन थांबले. निळ्या पट्ट्यांची स्लीपर, डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन, उजव्या अंगठ्याचं नख गव्हाळ आणि कौलासारखं जाड. तळमजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त, सोसायटीत कोणतंही पद नाही, त्यामुळे सगळी पदं त्यांचीच. पुढचा पाऊण तास मी काकांशी घोट्यापर्यंतच बोललो.

"सापडलं का?"

"काय, काका?"

"गळतंय ते."

"शोधतोय."

"खाली शोधून कसं सापडेल? खाली ते पडतंय. गळतंय वरून."

मी उत्तर दिलं नाही. काकांचा काडीसारखा एक पाय वाकला, पाठोपाठ हात खाली आला आणि त्यांनी डागात तर्जनी बुडवली. बोट वर गेलं. हुंगल्याचा आवाज आला, देवाची उदबत्ती हुंगतात तसा लांबलचक.

"हे इंजिनचं नाही. गिअरचं तेल आहे."

"गिअरच्या तेलाला गंधकाचा वास येतो, काका. सडक्या अंड्यासारखा."

"आम्ही अंडं खात नाही."

यावर काय बोलणार? काकांनी बोट माझ्या मडगार्डला पुसलं.

"माझी स्कूटर बत्तीस वर्षं होती," पाय म्हणाले. "एक थेंब गाळला नाही कधी. का? निगा!"

ही निगा मला माहीत आहे. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालायचे. ते इंजिनात जळायचं आणि निळा धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जायचं. काकांनी बत्तीस वर्षं सगळं तेल आमच्या फुफ्फुसांत गाळलं, त्याला पेव्हर ब्लॉकवर पुरावा नाही इतकंच. हे मी मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, "हो ना."

मग माझ्याकडून चूक झाली. गप्प बसवत नाही म्हणून मी त्यांना ब्रीदरची नळी समजावून सांगितली. इंजिनच्या पोटात दाब तयार होतो, तो नळीवाटे सुटतो. नळी चोंदली की दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि जो सील अशक्त असेल त्यातून तेल ढकलतो. वर एकदम शांतता पसरली. पाय जवळ आले.

"म्हणजे वायू धरतो."

"तसंच म्हणा."

"मला पण धरतो. रात्री अकरानंतर." पुढची दहा मिनिटं काकांच्या पोटाला गेली : हरभऱ्याची डाळ, डॉक्टरने लिहिलेली गोळी, सुनेने न मळलेली कणीक. उताणा पडलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हे काकांनी हेरलेलं असतं. शेवटी ते म्हणाले, "गरम पाण्यातून ओवा. गाडीचं मला माहीत नाही, पण माणसाला लागू पडतो."

मला खरा राग आला तो मात्र ओव्याचा नाही. तासाभराने बाहेर येऊन बॉनेट उघडलं तर खालची पावडर काळी होतीच, पण काळी रेघ वर वर जात होती. गिअरबॉक्सच्या घरावरून हेडच्या कडेला, तिथून थेट डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी. प्लगांना ठिणगी वाटणारा, गॅरेजवाले ज्याला डेल्को म्हणतात तो. त्याच्या गळ्यातली ओरिंग, तेल अडवणारी रबरी कडी, गेली होती. तेल तिथून निघून उतरत उतरत बरोब्बर मागच्या सीलच्या जागी ठिबकत होतं. ओलं दिसतं त्यातली सगळ्यात वरची जागा बघायची, बस. म्हणजे काका बरोबर होते. खाली ते पडतंय, गळतंय वरून. अंगठ्याच्या नखासकट बरोबर होते.

हीच अक्कल सोसायटीने गच्चीला लावली असती तर? तिसऱ्या वर्षीही माझ्या बेडरूमच्या छताला ओल आहे. दर मे महिन्यात माझ्या डोक्यावरच्या चौकोनात वॉटरप्रूफिंग होतं, कारण ओल तिथे दिसते. दर जुलैत ती तिथेच दिसते. पाणी टाकीच्या कोपऱ्यातून मुरतं हे मी तीन सभांमध्ये सांगितलं. इतिवृत्तात 'सभासदाने सूचना मांडली' असं आलं आहे. माझ्या छताशेजारी नाणं ठेवून फोटो काढायला अजून कोणी आलेलं नाही.

असो. डेल्को काढण्याआधी तो होता कुठे याची खूण करून ठेवायची, नाही तर ठिणगीचं टायमिंग बिघडतं. मुलीच्या पांढऱ्या नेलपॉलिशने रेघ मारली. जुनी ओरिंग वाळक्या शेंगेसारखी. वाकवली तर टचकन दोन तुकडे. ते तुकडे कागदात बांधून सोमवारी पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदाराने तुकडे न बघताच मागच्या खोक्यात हात घातला आणि म्हणाला, "वीस रुपये." रिक्षाचे जाऊन-येऊन तीनशे दहा.

बसवली. तेल वर भरलं. गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा सरकवला. मंगळवारी कोरा. बुधवारी कोरा. गुरुवारी सकाळी खाली गेलो तर काका वाकून पुठ्ठ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, आता पूर्ण चेहरा दिसत होता, निराशा होती.

"थांबलं वाटतं."

"थांबलं, काका. वीस रुपयांत."

त्यांनी पुठ्ठा उलटा करून बघितला. परत सुलटा केला.

"तेल संपलं असेल," ते म्हणाले आणि दूध आणायला गेले.

ते गेटबाहेर वळेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. मग बॉनेट उघडून तेल मोजायची डिपस्टिक बघितली. पुसून पुन्हा एकदा बघितली.