टायसन अलीला तीन फेऱ्यांत संपवेल? कारणं एकेक करून तपासू

ऐन भरातला हेवीवेट (सर्वांत जड वजनगटातला) बॉक्सर माइक टायसन मुहम्मद अलीला तीन फेऱ्यांत झोपवेल, हा दावा बहुतेकदा एकाच चित्रफितीबरोबर फिरतो. जून 1988, अटलांटिक सिटी, 91 सेकंदांत मायकेल स्पिंक्स जमिनीवर. सोबत कारणांची माळ असते: असा ठोसेबाज अलीला कधी भेटलाच नाही, डाव्या हुकपुढे (कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशापुढे) अली पडायचा, टायसन म्हणजे अलीचा जुना प्रतिस्पर्धी जो फ्रेझियर याचीच सुधारलेली आवृत्ती, ज्या लॅरी होम्सने अलीला हरवलं त्याला टायसनने चार फेऱ्यांत उडवलं, टायसनचे पराभव भर ओसरल्यावरचे आहेत, आणि खेळ आता पुढे गेला आहे.

टायसन मला मनापासून आवडतो. 1986 ते 1988 मधला टायसन हेवीवेटच्या इतिहासातल्या सर्वांत भीतिदायक खेळाडूंपैकी एक होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हा दावा टायसनची सर्वोत्तम रात्र उचलतो आणि तिच्यासमोर अलीची सर्वांत वाईट मिनिटं ठेवतो. त्यात दोघांवरही अन्याय होतो.

होम्सचा मुद्दा सर्वांत कच्चा, म्हणून तो आधी. ऑक्टोबर 1980 मध्ये होम्सने अलीला हरवलं तेव्हा अली 38 वर्षांचा होता, दोन वर्षं रिंगबाहेर राहून परत आलेला. जानेवारी 1988 मध्ये टायसनने होम्सला हरवलं तेव्हा होम्सही 38 वर्षांचाच होता आणि तोही जवळपास दोन वर्षांनी परत आला होता. म्हणजे दोन्ही वेळा एका तरुण विजेत्याने ओसरलेल्या दिग्गजाला हरवलं. ट्रेव्हर बर्बिकचंही तेच. डिसेंबर 1981 मध्ये चाळिशीला टेकलेला अली त्याच्याकडून गुणांवर हरला आणि 1986 मध्ये टायसनने त्याला दुसऱ्या फेरीत लोळवून विजेतेपद घेतलं. यातून 1966 च्या, म्हणजे भरातल्या अलीबद्दल काहीच कळत नाही. शिवाय ‘अ ने ब ला हरवलं, ब ने क ला’ ही साखळी बॉक्सिंगमध्ये चालतच नाही. फ्रेझियरने 1971 मध्ये अलीला हरवलं, फोरमनने 1973 मध्ये फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, आणि 1974 मध्ये अलीने फोरमनला आठव्या फेरीत नॉकआउट केलं. साखळीवर विश्वास ठेवायचा तर हे तिघंही एकमेकांपेक्षा श्रेष्ठ ठरतात.

असा ठोसेबाज अलीला भेटला नव्हता, हे तर सरळ चूक आहे. सनी लिस्टन त्याला भेटला, अर्नी शेव्हर्स भेटला, फोरमन भेटला. 1974 च्या त्या किन्शासातल्या लढतीआधी फोरमनच्या 40 पैकी 40 लढती जिंकलेल्या होत्या आणि त्यातल्या 37 नॉकआउटने. बत्तीस वर्षांचा अली दोरांना टेकून त्याचे ठोसे अंगावर घेत राहिला आणि तरी उभा राहिला. शेव्हर्सविरुद्ध 1977 मध्ये, पाय गेलेले असताना, पंधरा फेऱ्या टिकून तो जिंकला. 61 लढतींच्या कारकिर्दीत अली एकदाच वेळेआधी हरला, तोही होम्सविरुद्ध दहा फेऱ्यांनंतर कॉर्नरने (त्याच्याच प्रशिक्षकांनी) लढत थांबवली म्हणून. रेफरीने दहा मोजेपर्यंत तो कधीच पडून राहिला नाही.

इथे टायसनच्या बाजूने एक खरी गोष्ट मांडायला हवी, जी दावा करणारे सहसा मांडत नाहीत. टायसनची भीती नुसत्या ताकदीची नव्हती. फोरमनचा ठोसा लांबून फिरत यायचा, तो दिसायचा. टायसन डोकं हलवत जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) खालून आत शिरायचा, उजवा हात बरगडीवर मारायचा आणि तोच हात लगेच हनुवटीखाली अपरकट म्हणून वर यायचा. न दिसलेला ठोसा माणसाला पाडतो. त्यामुळे ‘फोरमनला झेललं म्हणजे टायसनला झेलेलच’ असं मी म्हणणार नाही.

डाव्या हुकचा मुद्दा म्हणूनच या सगळ्यात सर्वांत वजनदार आहे. अली हात खाली ठेवायचा आणि ठोसा चुकवताना डोकं सरळ मागे न्यायचा. ही सवय कुठल्याही प्रशिक्षकाला खटकेल अशीच होती. सनी बँक्सने 1962 मध्ये त्याला पाडलं, हेन्री कूपरने 1963 मध्ये, फ्रेझियरने 1971 मध्ये, आणि तिन्ही वेळा डाव्या हुकने. पण पुढे काय झालं तेही सांगा ना! बँक्सला त्याने चौथ्या फेरीत थांबवलं. कूपरने पाडल्यावर पुढच्याच फेरीत कूपरच्या डोळ्यावरची जखम इतकी उघडली की लढत थांबली. (ग्लव्ह फाटल्यामुळे अलीला भरपूर विश्रांती मिळाली, ही कथा फार फुगवून सांगितली जाते, चित्रफितीत जादा वेळ काही सेकंदांचाच दिसतो.) फ्रेझियरचा हुक पंधराव्या फेरीत बसला, हेवीवेटच्या इतिहासातल्या सर्वांत कडक ठोशांपैकी एक, आणि अली जवळपास लगेच उठून ती फेरी संपवून गेला. म्हणजे हुकने अली पडू शकतो हे सिद्ध आहे. पडल्यावर उठत नाही, हे कुठेही सिद्ध नाही. उलट कारकिर्दीत जमिनीवर गेल्यावर उठून लढत जिंकणं टायसनला एकदाही जमलं नाही.

आता फ्रेझियर. दोघंही हेवीवेटच्या मानाने बुटके, दोघंही डोकं हलवत आत घुसणारे, दोघांचाही डावा हुक जहरी, म्हणून टायसनला ‘सुधारित फ्रेझियर’ म्हटलं जातं. पण ज्या गुणाने फ्रेझियरने अलीला छळलं तो टायसनकडे नव्हता. फ्रेझियर हळू सुरुवात करायचा आणि फेरीगणिक दाब वाढवायचा. 1971 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने अलीला खरं हादरवलं ते अकराव्या फेरीत आणि पाडलं ते पंधराव्यात. 1975 मध्ये मनिलात उष्म्यात चौदा फेऱ्या झाल्यावर त्याच्या प्रशिक्षकाने, एडी फचने, त्याला पुढे जाऊ दिलं नाही. टायसनची रीत उलटी होती: पहिल्या चार-पाच फेऱ्यांत वादळ, नंतर ठोसे कमी आणि एकेकटे. सहाव्या फेरीनंतर त्याने थांबवलेले प्रतिस्पर्धी मोजकेच आहेत, रिबाल्टा दहाव्या फेरीत, बिग्स आणि रडॉक सातव्यात. जेम्स टिलिसने पाय हलवत दहा फेऱ्या काढल्या. बोनक्रशर स्मिथने नुसतं धरून बारा काढल्या. साडेसहा फुटांच्या आसपासच्या टोनी टकरनेही बारा काढल्या. या तिघांना जे थोडंथोडं येत होतं ते अलीला एकत्र येत होतं. क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना धरून ठेवताना, प्रतिस्पर्ध्याची मान खाली दाबून त्याच्यावर भार टाकणं ही तर अलीची हातखंडा युक्ती. 1974 च्या दुसऱ्या लढतीत त्याने फ्रेझियरला असंच बांधून ठेवलं. त्याबद्दल कडक रेफरी गुण कापेल, हे मान्य. त्यामुळे या काल्पनिक लढतीत रेफरी कोण, हा मला फार महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

‘टायसन डग्लसकडून हरला ती लढत धरू नका, तेव्हा भर ओसरला होता’ असं म्हणतात. फेब्रुवारी 1990 मध्ये टोकियोत टायसन 23 वर्षांचा होता. प्रशिक्षक केविन रूनी सुटला होता, सराव ढिला होता, घरचं आयुष्य विस्कटलं होतं, हे सगळं खरं. पण मग तोच न्याय अलीलाही लावा. मार्च 1967 ते ऑक्टोबर 1970 अलीला लढूच दिलं नाही, पंचविशी ते अठ्ठाविशीची वर्षं गेली, आणि परतल्यावर फक्त दोन लढती खेळून तो फ्रेझियरसमोर उभा राहिला. टायसनच्या पराभवाला कारणं आणि अलीच्या पराभवाला पुरावा, अशी दोन मापं चालणार नाहीत. आणि डग्लसने त्या रात्री केलं काय? लांब हाताचा जॅब, त्यामागे उजवा, जवळ आल्यावर धरणं, सुटताना ठोसा. आठव्या फेरीत टायसनने त्याला पाडलं, तरी तो उठला आणि दहाव्यात जिंकला.

खेळ पुढे गेला, या मुद्द्यात या दोघांपुरतं फारसं काही नाही. क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्धचा अली सुमारे 96 किलोंचा होता, स्पिंक्सविरुद्धचा टायसन सुमारे 99. उंचीत अली जवळपास पाच इंचांनी वरचढ. आणि टायसनची ती हात गालांशी धरण्याची शैली त्याचे प्रशिक्षक कस डिॲमॅटो यांची होती. त्यांनी तीच फ्लॉइड पॅटरसनला पन्नासच्या दशकात शिकवली होती. टायसन स्वतः जुन्या लढतींच्या फिल्म पाहत वाढला. त्या शैलीचा पॅटरसन 1965 मध्ये अलीसमोर बारा फेऱ्या कसा हतबल दिसला ते चित्रफितीत उपलब्ध आहे. अर्थात पॅटरसनची पाठ दुखावलेली होती आणि टायसनचं बळ त्याच्याकडे नव्हतं, म्हणून त्यावर मी फार भर देत नाही.

कुणी संगणकाचा हवाला दिला तर त्यालाही उत्तर आहे. 1969 मध्ये अली आणि जुना विजेता रॉकी मार्सियानो यांच्यात संगणकाच्या निकालावर आधारलेली लुटुपुटीची लढत चित्रित झाली. अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला, युरोपातल्या आवृत्तीत अली. निकाल प्रेक्षक बघून बदलत असेल तर तो पुरावा होत नाही.

माझा अंदाज असा. मार्च 1967 चा अली, जून 1988 चा टायसन, मोठी रिंग, बारा फेऱ्या. पहिल्या चार फेऱ्यांत अली एकदा तरी जमिनीवर जाईल, बहुधा दोरांजवळ, हुक बरगडीवर बसून लगेच वर आल्यावर. टायसनला जिंकायचं तर तेव्हाच, आणि ती शक्यता मी चारात एक धरतो. सहाव्या फेरीपासून जॅब बसू लागेल, टायसनचा डावा डोळा सुजेल, क्लिंच वाढतील. अली दहाव्या-अकराव्या फेरीत थांबवेल किंवा गुणांवर जिंकेल. रिंग लहान असेल आणि रेफरी क्लिंच झटपट सोडवणारा असेल, तर मी टायसनची शक्यता निम्म्यापर्यंत नेईन. त्यापुढे नाही.