चार डिमसम, पाच माणसं

दर महिन्याला भाचरं मला त्या गच्चीवरच्या तापास बारमध्ये ओढून नेतात. स्पेनमध्ये, ग्रानादा शहरात म्हणे तापास, म्हणजे छोट्या बशीतलं चटकमटक खाणं, ड्रिंकबरोबर फुकट येतात. इथे चार डिमसमचे, म्हणजे मोमोसारख्या वाफवलेल्या चिनी पुरचुंड्यांचे, साडेचारशे, वर सर्व्हिस चार्ज! बशी परातीएवढी, मधोमध एदामामेच्या सात शेंगा. अहो, सोयाबीनच ते, हिरवं, मीठ घालून उकडलेलं! अख्ख्या माळव्यात पिकतं, आणि आम्ही ते जपानी म्हणून मोजून खायचं. ‘शेअर करा, सर,’ म्हणतो वेटर. पाच जणांत चार डिमसम कसे वाटू, बाबा? (वाऱ्याने टिशू उडून शेजारच्यांच्या सूपमध्ये पडला, ते वेगळंच.) शेवटी रात्री अकराला उपाशीपोटी इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याच्या किसाच्या द्रोणावर तुटून पडायचं. भाचरंच सगळ्यांत पुढे!