दोनशे पंचेचाळीस डॉलर ए

आमचे ग्रंथालय तालुक्याच्या गावातले, शासनमान्य आणि 'ब' वर्गाचे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणाऱ्या इतर ग्रंथालयांप्रमाणे येथेही पुस्तकांइतकाच मान नोंदवह्यांना असतो, आणि त्यांतही दाखल नोंदवहीला तर हात धुऊन हात लावावा अशी माझ्या आधीच्या ग्रंथपालांची शिकवण होती. अशा सुरळीत चाललेल्या कारभारात कार्यकारी मंडळाने एके दिवशी 'ग्रंथालय ऑनलाइन करावे' असा ठराव एकमताने संमत केला. एकमत होण्याचे कारण उघड होते: ते काम मंडळातल्या कोणालाच करायचे नव्हते.

ग्रंथालयाचा कारभार संगणकावर चालवणारी प्रणाली निवडली गेली ती 'कोहा', आणि तीही एकमतानेच, कारण ती फुकट मिळते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच कोलमडेल अशी भीती निर्माण झाल्यामुळे १९९९ मध्ये कोहा तयार करवून घेण्यात आली आणि पुढे साऱ्या जगासाठी मोफत खुली केली गेली. त्या ग्रंथपालांच्या औदार्याविषयी मला नितांत आदर आहे. फक्त त्यांच्या संग्रहात शके घातलेली पुस्तके नव्हती, एवढेच नम्रपणे नोंदवून ठेवतो.

प्रशिक्षणासाठी जिल्ह्याच्या ठिकाणाहून जो तरुण आला, तो माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा होता आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "सर, एकदम सोपं आहे" अशी करीत होता. पुस्तकांच्या नोंदी संगणकाला वाचता येतील अशा मांडण्याच्या मार्क नावाच्या पद्धतीत पुस्तकाच्या प्रत्येक तपशिलाला एक तीन आकडी घर असते: लेखक शंभरात, शीर्षक दोनशे पंचेचाळिसात, पाने आणि आकारमान तीनशेत, विषय सहाशे पन्नासात. या घरांच्या आत पुन्हा खोल्या असतात आणि त्यांच्या दारावर डॉलरचे चिन्ह असते. "सर, आता दोनशे पंचेचाळीस डॉलर ए मध्ये पुस्तकाचं नाव टाका," असे तो मोठ्याने सांगत असताना काउंटरवर वर्गणी भरायला आलेले एक जुने सभासद दचकले आणि अनामत रक्कम वाढवली की काय, अशी त्यांनी चौकशी केली. त्यांची समजूत घालीपर्यंत आमचे सत्र संपले आणि परवलीचा शब्द पहिल्यापासून टाकावा लागला.

प्रशिक्षक गेल्यावर मी आणि आमच्या सहायक ताई असे दोघेच त्या पडद्यासमोर उरलो. पहिल्याच कपाटात शके १८६६ मध्ये छापलेली एक पोथीवजा कादंबरी निघाली. प्रकाशन वर्षाच्या रकान्यात १८६६ भरले, तर ही प्रणाली ते निमूटपणे स्वीकारते आणि १९४४ सालचे पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षांनी वडील होऊन बसते. ताईंनी मग कपाटाच्या दारावर 'शके अधिक ७८' असा कागद चिकटवला. तो पाहून एका चिकित्सक वाचकाने ते आमचे नवे दूरध्वनी विस्तार क्रमांक आहेत का, असे विचारले.

लेखकांच्या बाबतीत तर गुंता अधिकच वाढला. कविता कुसुमाग्रज या नावाने आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने छापलेली. हे एकच गृहस्थ आहेत, हे मराठी शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, पण संगणकाला ते स्वतंत्र नोंद करून पटवून द्यावे लागते. तोवर त्याच्या लेखी हे दोघे एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

आयती नोंद मिळवण्याचीही एक सोय आहे आणि तिचे नाव 'झेड ३९.५०' असे आहे. त्या वाटेने दुसऱ्या ग्रंथालयाने केलेली नोंद आपल्याकडे ओढून घेता येते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीत कार्यालय असून तेथून मराठी पुस्तकांचीही खरेदी होते, त्यामुळे आम्ही मोठ्या आशेने एका ग्रामीण कादंबरीचे नाव टाकले. नोंद खरोखरच आली, परंतु रोमन लिपीत. अक्षरांच्या डोक्यावर आडव्या रेघा आणि पायाखाली ठिपके, अशा थाटात. आमच्याच गावच्या रस्त्यावरून फिरणारी ती कादंबरी परदेशी शिकून आलेल्या भाच्यासारखी आमच्याशी अनोळखी उच्चारात बोलू लागली. ताईंनी ती शांतपणे पुसून टाकली आणि देवनागरीत नव्याने लिहिली.

खरी कसोटी मात्र शोधाची. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली, पण त्याआधी छापलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून ते उतरायला तयार नाहीत. पुस्तकावर 'गांव' असते, वाचक 'गाव' टंकतो, आणि पडदा 'एकही नोंद आढळली नाही' असे सांगून मोकळा होतो. ऱ्हस्व-दीर्घाचे तर विचारूच नये. एरवी वेलांटीकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या आमच्या गावाला संगणकाने जेवढे शुद्धलेखन शिकवले, तेवढे पंतोजींच्या छडीलाही जमले नसावे.

शिवाय आमचे वाचक लेखक-शीर्षक अशा क्षुल्लक बाबींवर विसंबत नाहीत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते, म्हणून दर्शनी भागात वाचकांसाठी एक संगणक मांडला. पहिल्याच दिवशी एका मावशींनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि थेट मला विचारले, "अहो भाऊ, ते हिरव्या मुखपृष्ठाचं पुस्तक आहे का? ज्यात ती शेवटी माहेरी निघून जाते?" मी दुसऱ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातून ते काढून दिले. मावशींचा वेळ वाचला. सूत्र पाळले गेले. संगणक तेवढा बसून राहिला.

हे रोजचेच होऊ लागल्यावर ताईंना एक युक्ती सुचली. पाचशे क्रमांकाचे घर सर्वसाधारण टिपांसाठी असते आणि तेथे लिहिलेला शब्दही शोधात सापडतो. मग आम्ही वाचकांच्या भाषेत टिपा भरू लागलो: 'हिरवे मुखपृष्ठ, नायिका माहेरी जाते', 'जाड, बारीक टाईप, देशमुखी वाडा', 'पहिली पंचवीस पाने कंटाळवाणी, पुढे सुटत नाही'. या शेवटच्या टिपेला शास्त्राधार नाही, याची मला कल्पना आहे, परंतु सहाशे पन्नासमधल्या 'मराठी कादंबरी' या विषयापेक्षा तिचा उपयोग अधिक झाला. वाचक आपण होऊन संगणकापुढे बसू लागले. अध्यक्षांनी वार्षिक अहवालात 'अभिनव उपक्रम' असे शब्द घातले आणि त्यांच्याच सूचनेवरून, दुरुस्तीचा निधी परत जाऊ नये म्हणून, जीर्ण पुस्तकांचा मोठा गठ्ठा बांधणीला पाठवण्यात आला.

गठ्ठा मागच्या आठवड्यात परत आला. बांधणीवाल्याने प्रत्येक पुस्तकाला तेच मरून रेक्झिन चढवले आहे, कारण ते त्याला ठोक भावात मिळाले होते. मी पाचशेचे घर उघडून एकेका टिपेपुढे 'आता मरून' असे लिहीत बसलो असतानाच मावशी पुन्हा आल्या. त्यांनी यावेळी मला काहीच विचारले नाही; आत्मविश्वासाने संगणकापुढे बसल्या, चष्मा सावरला आणि एका बोटाने 'मरून' असे टंकले.