टिकणार नाही हं!

आज घरी सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा खाता खाता नात्यातल्या एका काकांनी हॉलमधल्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "हे काय, चायनाचं का? मग टिकणार नाही हं!" अख्खी खोली हसली. मीही हसले. पूजेच्या दिवशी पाहुण्यांशी भांडायचं नसतं. आता पाहुणे गेलेत, मोदकपात्राएवढी पातेली घासायची पडलीत, आणि मी ओट्याला टेकून हे लिहितेय.

फ्रेममध्ये लाल कागदाचा कोंबडा आहे. तळहातापेक्षा जरा मोठा. काका, ऐका. नाहीच टिकणार तो. टिकायला केलेलाच नव्हता.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अडीच वर्षं चीनमध्ये, शिआनला होतो, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. मी त्यांना सगळ्यांसारखं 'नाईनाई', म्हणजे आजी, म्हणायची. मूळच्या आन्सायच्या, म्हणजे त्याच शान्शी प्रांतातल्या येनानजवळच्या. मुलगा शहरात आला म्हणून त्याही आल्या. त्यांची बोली त्यांच्या सुनेलाही अर्धीच कळायची, माझं चिनी म्हणजे भाजी आणायपुरतं. तरी जमलं. पहिल्या भेटीत मी भारतातली म्हटल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "के दीहुआ!" मला कळेना. मग नवऱ्याने सांगितलं, अगं, आपले डॉक्टर कोटणीस. १९३९ साली येनानला पोचलेला सोलापूरचा माणूस, तिकडे या नावाने ओळखतात. मी सोलापूरची. डोळ्यांत पाणी आलं, काय करू.

तर कोंबडा. २०१७ चं जानेवारी. २८ तारखेला त्यांचं नवं वर्ष लागणार होतं, कोंबड्याचं. नाईनाई माझ्या स्वयंपाकघरात आल्या, खिडकीकडे बघितलं आणि नापसंतीने 'च्च' केलं. खिडकी रिकामी! बंडीच्या खिशातून शिंप्याची असावी तशी जाड लोखंडी कात्री काढली. लाल कागद एकदा दुमडला. पेन्सिल नाही, खूण नाही. मी टक लावून बघत होते म्हणून सांगते, कात्री जवळजवळ हलत नव्हती. फिरत होता तो कागद, डाव्या हातातला. पिसांसाठी करवतीसारखे बारीक दाते, छातीवर चंद्रकोरी, आणि डोळ्यासाठी मधोमध टोक खुपसून एक गरगरीत भोक. मी चहा करेपर्यंत कोंबडा तयार. मग कणकेची खळ करायला लावली आणि तो काचेवर बसवला.

हे त्यांचं च्वांगह्वा, खिडकीचं फूल. उत्तर शान्शीत पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेली कमानीची घरं असतात, याओदोंग म्हणतात. तिन्ही बाजूंना माती, उजेड यायचा तो फक्त समोरून. तिथे लाकडी जाळीची खिडकी आणि तिच्यावर पांढरा कागद. वर्षभर चुलीच्या धुराने तो कागद काळवंडतो. नव्या वर्षाआधी जुना फाडायचा, नवा डकवायचा आणि त्यावर लाल फुलं चिकटवायची. दिवसा आतून बघा, रात्री दिवा लागला की बाहेरून बघा. पुढच्या वर्षी परत सगळं फाडायचं.

आपली दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसते तेव्हा कोण म्हणतं का, 'टिकली नाही हं'?

आता तुम्ही गलवान काढाल. काढा. मी विसरलेली नाही, विसरा असं म्हणतही नाही. आणि हो, गेल्या दिवाळीची ती चिनी दिव्यांची माळ चौथ्या दिवशी गेली, मान्य. पण माळ विकणारा कारखाना आणि माझ्या नाईनाई एक कशा हो? एका अख्ख्या मुलखाच्या बायकांनी शेकडो वर्षं जे केलं त्याला तुमच्याकडे एकच शब्द, 'चायनाचं'? आपल्या वारली चित्रांना कुणी 'इंडियाचा माल' म्हटलं तर चालेल का? उगाच राग येत नाही मला.

मरू दे.

तर पुढच्या वर्षी, कुत्र्याच्या वर्षाआधी, नाईनाई परत आल्या. कोंबडा उन्हाने गुलाबी पडला होता, एका बाजूने तर पांढराच. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि अंगठ्याच्या नखाने खरवडायला लागल्या. मी ओरडलेच, "नको, ठेवू या ना!" त्या इतक्या हसल्या की सुनेला बोलावून सांगितलं, ही बाई बघ, जुना कोंबडा ठेवते म्हणे. बोळा केला आणि कचऱ्यात.

मग माझा चेहरा बघून मला खाली त्यांच्या घरी घेऊन गेल्या. पलंगाखालून एक जुनं, जाडजूड वहीसारखं बाड काढलं. आत काळे कागद, आणि प्रत्येक काळ्या कागदावर पांढरी आकृती. मासा आणि कमळ. सशाला वेटोळं घातलेला साप (नवराबायकोची ही राशी जुळली की घरात पैसा येतो म्हणे). दोन वेण्यांची, हातपाय फाकून उभी राहिलेली बाहुली. हे कसं करतात ते त्यांनी हातवारे करून दाखवलं. चांगला नमुना पाण्याने ओल्या कागदावर बसवायचा, फळीला चिकटवायचा आणि तेलाच्या दिव्याच्या धुरावर उलटा धरायचा. काजळी सगळीकडे धरते, नमुन्याखाली मात्र पांढरं राहतं. नमुना उचलला की त्याची सावली मागे उरते. नवी सून आली, शेजारीण आली, की ते काजळीचं पान लाल कागदावर टाचायचं आणि त्यावरून कापायचं. आईकडून आलेलं एक पान त्यांच्याकडे होतं, कडा पार झिजलेल्या.

ठेवायचं काय आणि फेकायचं काय, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. शाळेत गेल्या नव्हत्या.

कुणीतरी खाली लिहिणारच, मग ती कागदाची फुलं कापणारी प्रसिद्ध कू शूलान? तिची कामं तर जपून ठेवली आहेत की! हो, आहेत. तीही शान्शीचीच, श्युनयी तालुक्याची. १९८५ मध्ये कड्यावरून पडली, बरेच दिवस बेशुद्ध होती, आणि शुद्धीवर आल्यावर आपण कात्रीच्या फुलांची देवी आहोत म्हणू लागली. मग रंगीत कागदांची माणसाएवढी चित्रं केली. १९९६ साली युनेस्कोने तिला गौरवलं. पण तिनेही आधी आपल्या मातीच्या घराच्या भिंतीच भरल्या होत्या. आणि लाख बायकांत अशी एखादीच.

दुसरंही बोलून टाकते, नाहीतर म्हणाल गोग्गोड लिहिते. त्या फुलांमध्ये निम्म्याहून जास्त 'मुलगा होऊ दे' हेच असतं. कमळात बसलेलं बाळ म्हणजे मुलगाच. जुन्या काळी सून बघायला गेले की कात्री-सुईचा हात बघायचे. म्हणजे आपल्याकडे होतं तेच. नाईनाईंची नात मोबाइलमधून मान वर करत नव्हती आणि शिआनच्या बाजारात नव्या वर्षाला छापील प्लास्टिकचे कोंबडेच ढिगाने होते. तेही मान्य.

पण एक गोष्ट आठवली की मी विरघळते. नव्या वर्षाच्या आदल्या रात्री नाईनाईंनी ती कात्री फडक्यात गुंडाळून फडताळात वर ठेवली. उद्या कात्री, सुरी, सुई काही हातात धरायचं नाही. मी म्हटलं, माझी आई नागपंचमीला असंच करते, चिरणं-कापणं बंद. त्यांनी विचारलं, मग त्या दिवशी खाता काय? मी दिंड कशी करतात ते सांगितलं. पुरण कळलं नाही, वाफ कळली. तेवढ्यावरून त्या सुरू झाल्या. छिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांच्या सणाला, त्यांच्याकडे कणकेचे उकडलेले पक्षी करतात, त्यावर रंगाचे ठिपके देतात, पोरांना वाटतात. अर्धा तास आम्ही दोघी फक्त उकडण्यावर बोललो.

निघताना मी हट्टाने तीन फुलं मागून घेतली. त्यातला हा कोंबडा. पुण्यात आल्यावर चांगल्यापैकी पैसे मोजून फ्रेम केली, मोठ्या अभिमानाने त्यांना वीचॅटवर फोटो पाठवला. उलट आवाजाचा निरोप आला. चार वेळा ऐकला तेव्हा कळला. "भिंतीला काय लावलंस? मागून उजेड कुठून येणार त्याला?"

मी हसण्यावारी नेलं. २०२० च्या जूनमध्ये भारतात ५९ चिनी अ‍ॅपांवर बंदी आली, त्यात वीचॅटही गेलं. फोन नंबर मी कधी घेतलाच नव्हता. त्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या.

मघाशी काकांवर एवढी चिडले, पण पाच वर्षं तो कोंबडा काचेआड मीच डांबून ठेवला होता.

वरचा परिच्छेद लिहून उठले. फ्रेमच्या मागचे खिळे सांडशीने काढले. शेपटीचं एक पीस पुठ्ठ्यालाच चिकटून राहिलं, फाटलं. बाकीचा सुटला. स्वयंपाकातून उरलेल्या कणकेची खळ केली, जरा गुठळ्या झाल्यात. आता तो ओट्यावरच्या खिडकीत आहे, पश्चिमेच्या. डोळ्याच्या भोकातून उन्हाचा एक ठिपका बरोबर पातेल्यावर पडलाय.