तळ्यात गंबुसिया सोडण्याआधी गच्चीवरच्या ड्रमात डोकवा

रविवारी सकाळी मामांचा फोन. "मासे आलेत रे, दोन पिशव्या. संध्याकाळी तळ्यात सोडतो. मग बघू डेंग्यू गावात कसा टिकतो ते!"

तो मेसेज मलाही तिघांनी पाठवला होता. डेंग्यूवर रामबाण म्हणजे गंबुसिया मासा, एक मासा रोज 300 अळ्या फस्त करतो, तळी-विहिरी-ओढे सगळीकडे सोडा, पूर्णपणे नैसर्गिक, अपाय शून्य, रशियात तर याचा पुतळा आहे, पुढे पाठवा. मी वाचून सोडून दिलं होतं. आता प्रकरण मामांच्या दारात येऊन ठेपल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं.

आधी डेंग्यूचंच घ्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास तळ्यात वाढतच नाही. त्याला लागतं घरातलं, अंगणातलं साठवलेलं पाणी: ड्रम, जुना टायर, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे. मी दुपारी मामांकडे पोचलो. माशांची पिशवी गच्चीवरच्या निळ्या ड्रमाला टेकवून ठेवली होती. ड्रमाचं झाकण कुठे गेलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोबाइलचा टॉर्च आत मारला तर पाण्याच्या वरच्या थराला शेपटी टेकवून उलट्या लटकलेल्या अळ्या, पंचवीस-तीस तरी असतील. उजेड पडताच वळवळत तळाला गेल्या. चोर माजघरात आणि पहारा वेशीवर, दुसरं काय!

रोज 300 अळ्या? काचेच्या भांड्यात दुसरं काहीच खायला ठेवलं नाही तर खाईलही तेवढ्या. तळ्यात त्याच्यापुढे अख्खं ताट वाढलेलं असतं.

आता 'अपाय शून्य'. याच दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. गंबुसिया मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. भारतात तो 1928 साली डासांसाठीच आणला गेला. बोटाएवढाही नसतो, पण आहे शिकारीच. दुसऱ्या माशांची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं खातो, बेडूकमाशांच्या शेपट्या कुरतडतो, चतुरांची पिल्लंही सोडत नाही. चतुराची पिल्लं स्वतःच डासांच्या अळ्या खातात. म्हणजे फुकटात राबणारे गडी मारून आपण हा पाहुणा पोसायचा! पाण्यातले सूक्ष्म प्राणीही तो फस्त करतो. त्यांच्यावाचून शेवाळाला आवर घालणारं कुणी उरत नाही. 1972 सालच्या एका प्रयोगात गंबुसिया सोडलेल्या तळ्यांमध्ये हेच होऊन पाणी हिरवंगार झालं होतं. ऑस्ट्रेलियात तो 1925 च्या सुमारास नेला, आणि आज तिथे त्याच्यामुळे बेडूक संकटात आहेत म्हणून धोक्यांच्या सरकारी यादीत त्याचं नाव आहे. आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, जगातल्या शंभर सर्वांत वाईट आक्रमक प्रजातींच्या यादीतही तो आहे. हा अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो, त्यामुळे एक गाभण मादी तळ्यात गेली तरी पुरते. एकदा शिरला की जाळी लावून काढता येत नाही. तळं आटवलं तरच.

बरं, अळ्या खातो हे खरं. बंदिस्त हौदात, जिथून पाणी ओढ्यात जात नाही तिथे, मासे ठेवल्यावर अळ्या कमी होतात. एवढं मी नाइलाजाने मान्य करतो. पण अळ्या कमी होणं आणि आजार कमी होणं यात फरक आहे. मलेरियाचा डास निदान विहिरी-डबक्यांत वाढतो, तेव्हा तिथे तरी काय दिसलं? आरोग्यावरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 2017 मध्ये अळ्या खाणाऱ्या माशांवरचे 15 अभ्यास तपासले. काही ठिकाणी अळ्या घटल्याचं दिसलं, पण आसपासच्या माणसांमधला मलेरिया घटला का, हे त्यातल्या एकाही अभ्यासाने मोजलेलं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मासा सोडायचा तीच कुणी पाहिलेली नाही, आणि आपण 'रामबाण' म्हणून मोकळे.

राहिला पुतळा. आहे, रशियातल्या सोची शहराजवळ आहे. पण तिथे मलेरिया हटवायला दलदलीही उपसल्या होत्या, निलगिरी लावली होती. पुतळा मात्र एकट्या माशाचा झाला. गंमत म्हणजे 'गंबुसिया' हे नाव क्यूबातल्या ज्या शब्दावरून पडलंय, त्याचा अर्थ 'काहीच नाही'. तिथे गळाला काही लागलं नाही की गंबुसिनो धरायला गेलो होतो म्हणायचे.

मामांनी ड्रम आडवा केला, ब्रशने आतून घासला. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोनमहिने तग धरतात, हे त्यांना माहीत नव्हतं. नंतर झाकण म्हणून पत्र्याचा तुकडा ठेवून वर वीट ठेवली. पिशवीतले मासे मागच्या सिमेंटच्या हौदात गेले, भोकाला बारीक जाळी लावून.

"आणि दुसरी पिशवी?" मी विचारलं.

मामांनी तळ्याकडे पाहिलं. ती शेजारच्या काकांनी हौसेने मागून नेली होती, सकाळीच.