गिरणगावात कुणी आजारी पडत नव्हतं म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, "आम्ही गिरणगावची लेकरं, 1950 ते 70". कापसाच्या धुळीत वाढलो म्हणून फुप्फुसं पोलादी झाली, कुणाला दमा नव्हता की इन्हेलर नव्हता. चाळीत जातपात नव्हती. आया घरी असायच्या. दारं उघडी असायची. सगळे सुखात होते आणि मग संपवाल्यांनी वाटोळं केलं. मी दुर्लक्षच करणार होते, पण माझ्या थोरल्या भावाने, ज्याची अख्खी नोकरी गिरणीच्या कार्डिंग खात्यात, कापूस पिंजण्यात गेली, हे वाचून डॉक्टरांनी दिलेला पंप बंद केला. म्हणे आपली फुप्फुसं मुरलेली आहेत. मग मात्र डोकं फिरलं.

तर आधी फुप्फुसं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, जिथे कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे, तिथे त्याचं नाव छापलेलं आहे, ज्याला शंका असेल त्याने उघडून बघावं. सगळ्यात जास्त धोका ब्लोरूम आणि कार्डिंगला, कारण गाठी फोडणं, कापूस पिंजणं, सगळी धूळ तिथेच. सुरुवातीला सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळते, दोन दिवसांनी बरं वाटतं, म्हणून माणूस म्हणतो सवय झाली. आणि या "सवयीलाच" फॉरवर्डवाला पोलाद म्हणतोय! वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं की ती छाती मोकळी व्हायचं नावच घेत नाही. आमचे वडील घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापूस असायचा, रात्री खोकल्याने अर्धी खोली जागी, आणि आम्ही म्हणायचो विडीमुळे आहे. विडीही होतीच म्हणा. पण पुढे याच मुंबईच्या गिरणी कामगारांना बिसिनोसिसच्या भरपाईसाठी ईएसआयशी, म्हणजे सरकारी कामगार विम्याशी, भांडावं लागलं, ते काय पोलादी फुप्फुसं घेऊन?

इन्हेलर नव्हता हे खरंय. तो प्रेशरवाला पंप मुळात 1956 ला अमेरिकेत पहिल्यांदा विकायला आला, आमच्या नायगावच्या चाळीत कुठून असणार? डॉक्टर लागत नव्हते तर 1954 ला मुंबईत ईएसआय कशाला सुरू केलं, आणि शिवडीच्या टीबी हॉस्पिटलचं नाव काढलं की मोठी माणसं आवाज का खाली करायची?

जातपात नव्हती, हा दुसरा विनोद. साच्यावर, म्हणजे मागावर, कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, म्हणून "त्यांचं" तोंड लागलेला धोटा चालणार नाही असं म्हणत दलितांना विणाई खात्यात घेत नसत, जिथे पगार जास्त. त्यांनी त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत राबायचं. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न थेट युनियनवाल्यांपुढे ठेवला होता, आणि ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहायचे, त्यांना गिरणगाव कुणी शिकवायची गरज नव्हती. हे सगळं 1950 ला घटना आली म्हणून एका रात्रीत पुसलं गेलं नाही.

आया घरी असायच्या म्हणजे काय, रिकाम्या बसायच्या का? कितीतरी जणी खानावळ चालवायच्या, पाळीप्रमाणे डबे, पहाटेपासून स्टोव्ह. या खानावळवाल्यांसाठी प्रेमा पुरवांना 1975 ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढावं लागलं कारण त्या सावकारांच्या कर्जात बुडाल्या होत्या. आधी वाइंडिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, बायका भरपूर होत्या, त्या हळूहळू कमी केल्या गेल्या, स्वतःहून चुलीकडे परतल्या नाहीत.

दारं उघडी असायची, हे मात्र मान्य. शेजारी जीव टाकायचे हेही मान्य, माझी दोन बाळंतपणं शेजारणींनीच काढली. पण 160 चौरस फुटांच्या बीडीडीच्या खोलीत आठ माणसं आणि एक रातपाळी करून झोपलेला काका, दार लावून गुदमरायचं होतं का?

आणि संप. 1982 च्या आधी सगळे सुखात होते म्हणे. अहो 1950 लाच बोनससाठी 63 दिवस गिरण्या बंद होत्या, 1982 चा संप करणाऱ्या डॉ. दत्ता सामंतांचं नावही तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आई सांगायची, तेव्हा निम्मी चाळ गावाला निघून गेली होती, मुंबईत राहून खाणार काय, आणि वाण्याची उधारी फेडायला पुढची दिवाळी उजाडली.